खंड पडलेल्या नेमाविषयी

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. "एखादा दिवस चुकला म्हणून ठरवलेले सोडून देऊ नये" या माझ्या विधानावर आपला आक्षेप असा, की अशी सवलत म्हणजे ढिलाईला आमंत्रण आहे. निश्चय पक्का असेल तर २१ दिवसांत सवय लागतेच, आणि आपल्या आजींचा चातुर्मासाचा नेम कधीही मोडला नाही, असेही आपण लिहिले आहे.

आधी २१ दिवसांविषयी. हा आकडा रूढ झाला तो मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकामुळे. शस्त्रक्रियेनंतरचा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, एवढेच त्यांचे निरीक्षण होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या साध्या दैनंदिन सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला, तेव्हा सवय जडण्याचा अंदाजित काळ १८ ते २५४ दिवस, आणि मध्यक ६६ दिवस निघाला. एखादी संधी हुकल्याने त्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नाही, हेही त्यात दिसले.

आजींविषयी मला आदरच वाटतो. पण असे नेम केवळ मनोनिग्रहावर टिकत होते, असे मला वाटत नाही. कांदेनवमीला कांद्याची भजी होत, आषाढी एकादशीपासून स्वयंपाकघरात कांदा-लसूण येतच नसे, शेजारीपाजारीही तेच पाळत, आणि कार्तिकी एकादशीला मुदत संपणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक असे. शिवाय सुतक आले तर व्रताची पूजा दुसऱ्याकडून करवून घ्यावी, अशी वाटही परंपरेने आधीच आखून ठेवली होती. अडचण आली तर काय करायचे हे आधी ठरवलेले असले की ध्येय गाठण्याची शक्यता वाढते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचे संशोधनही सांगते.

आमच्या शेजारच्या काकू निवृत्तीनंतर मोडी लिपी शिकत आहेत. सकाळच्या चहाचे कप विसळून ठेवले की त्याच टेबलावर वही उघडायची, आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अर्धे पान उतरवून काढायचे, असे त्यांनी ठरवले होते. मुलीच्या बाळंतपणासाठी जावे लागले तेव्हा वही बंद राहिली. परतल्यावर हुकलेली पाने भरून काढण्याचा हट्ट मात्र त्यांनी धरला नाही, कारण खंड पडलाच तर पुन्हा बसायच्या पहिल्या दिवशी एकच ओळ लिहायची, हे सुरुवातीलाच ठरलेले होते. आता जुन्या पत्रांचे मायने त्या अडखळत का होईना, पण वाचतात.

ऐन वेळी कंटाळा आला म्हणून घेतलेली सूट ही ढिलाईच, याबाबत मी पूर्णपणे आपल्याशी सहमत आहे. माझा आग्रह आधी ठरवलेल्या वाटेचा आहे. आणि माझे म्हणणे नवे काही शिकण्या-करण्यापुरतेच आहे. दारू किंवा तंबाखू सोडू पाहणाऱ्याला "एखादा दिवस चालेल" असे मी कधीही सांगणार नाही. तिथे आपलाच नियम योग्य, आणि पाऊल घसरलेच तर पुढची तारीख न शोधता त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा व्यसनमुक्ती केंद्राशी बोलावे, असेच मी सुचवीन.