पॉझिटिव्ह पाहिजे ना? हे घ्या!

अप्पा बळवंत चौकात पहिल्या फेरीत गाडी लावायला जागा मिळाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आज काहीतरी वाईट घडणार.

जूनचा शनिवार. सगळा चौक शाळेच्या याद्या हातात धरलेल्या आयाबापांनी गच्च भरलेला. तीन दुकानांतून 'नाही', 'नसतं' आणि 'कुत्र्याचं? पुस्तक?' अशी तीन उत्तरं घेऊन चौथ्यात शिरले. काउंटरवरच्या पोराला अगदी हसून सांगितलं, "कुत्र्याच्या ट्रेनिंगचं पुस्तक हवंय. मारझोड न करता शिकवतात ना, पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट, त्यावरचं."

"पॉझिटिव्ह ना? थांबा, काकू."

(काकू. त्याचं नंतर बघू.)

पोरगा शिडीवर चढला आणि तीन पुस्तकं घेऊन उतरला. दोन सकारात्मक विचारांवरची, एक श्रीमंत कसं व्हावं यावरचं. सगळ्यात वरच्यावर उगवता सूर्य आणि त्याच्याकडे हात पसरून उभा असलेला सुटाबुटातला माणूस. "हे सध्या खूप जातंय," पोरगा म्हणाला. म्हटलं, अरे बाबा, कुत्र्यासाठी पाहिजे. तर म्हणे, "हो ना, टेन्शन येतंच. वाचून मनाला शांती मिळते."

दीर्घ श्वास घेतला. म्हटलं नाव घेऊन बघू. "'डोन्ट शूट द डॉग' आहे का? कॅरन प्रायर."

"पोलीस भरतीचं का?"

हसू नका. मीही तेव्हा हसले नाही. 1984 सालचं पुस्तक आहे ते. बाई हवाईमध्ये डॉल्फिन शिकवायची. डॉल्फिनला ना पट्टा घालता येतो, ना फटका मारता येतो; रागावलात तर तो सरळ टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. मग उरतं काय? एक शिट्टी आणि बादलीभर मासे. तेवढ्यावर तिनं जे काम केलं ते पुढे कुत्र्यांच्या दुनियेत आलं. हे सगळं मी त्या पोराला काउंटरवर सांगत होते आणि मागे चौथीच्या यादीवाले आजोबा "अहो, आमचं बघा आधी" म्हणत माझ्या खांद्यावरून वही पुढे सरकवत होते.

तेवढ्यात गल्ल्यावरून मालकांचा आवाज आला, "अरे, शेतीच्या कप्प्यात बघ!"

आणि तिथे ते होतं. शेळीपालन आणि गांडूळखत यांच्या मधोमध. चौसष्ट पानं, किंमत 60 रुपये, मुखपृष्ठावर अल्सेशियन. आत अर्धं पुस्तक जातींची यादी, आणि त्यातले फोटो असे छापलेले की लॅब्रॅडॉर कुठला नि डॉबरमन कुठला ते त्यांच्या आईला ओळखता येऊ नये. गावठी कुत्र्याला एक ओळ: राखणीस बरा. प्रशिक्षण शेवटी, दीड पानात. घरात घाण केली तर नाक त्यात घासा. ऐकलं नाही तर वर्तमानपत्राची सुरळी करून फटका द्या, म्हणजे मालक कोण ते त्याला कळतं.

काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं मी ते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 सालचा आहे आपल्याकडे. त्यात मारणं गुन्हा आहे, पहिल्या खेपेला दंड 10 ते 50 रुपये. म्हणजे गुन्हा शिकवणारं पुस्तक गुन्ह्याच्या दंडापेक्षा महाग! आणि 2009 च्या कायद्यानं वर्गातली छडी गेली म्हणून आपण खूश. ती गेली कुठे, ते मला शनिवारी सापडलं.

मग मी बोलले. बरंच बोलले. नाक घासून कुत्रं काय शिकतं? हेच, की शू केली की ही बाई पिसाळते, तेव्हा हिच्यासमोर करायची नाही, सोफ्यामागे जाऊन करायची. सुरळीचं म्हणाल तर घरी पेपर येतो तो मी वाचते, की कुत्र्याला आयुष्यभर त्याची धास्ती बसवते? आजोबा गप्प. पोरगा गप्प. मालक कॅल्क्युलेटरकडे बघत होते.

बरं, ऑनलाइन मागवायचं म्हणाल, तर तेही झालंय. मार्चमध्ये 1,800 रुपये भरून एक परदेशी पुस्तक मागवलं. तीन आठवड्यांनी आली ती चक्क झेरॉक्स. वाकडी छापलेली, डिंकाचा वास मारणारी, पान 33 नंतर थेट 48. मधल्या पानांवर काय होतं? पट्ट्याला ओढणारा कुत्रा. माझी चिंगी आठ महिन्यांची, पार्किंगमध्ये सापडलेली, वजन पंधरा किलो, आणि फाटकापासून कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत मला ती फिरायला नेते. मला नेमकी तीच पानं हवी होती.

आणि 'सात दिवसांत कुत्रा आज्ञाधारक' वाली पुस्तकं तर बोलूच नका. एक घेतलं होतं. पहिल्या प्रकरणात प्रेम, विश्वास, खाऊ. वाटलं, सापडलं बाई! तिसऱ्या प्रकरणात गळा आवळणारी चोक चेन कशी झटकायची त्याची आकृती. नव्या दुकानाची पाटी आणि आत जुनाच माल. पॉझिटिव्ह म्हणजे गोड बोलणं नव्हे रे, अधिकचं चिन्ह आहे ते! काहीतरी दिलं, भर घातली, आणि त्यामुळे ते वागणं वाढलं, इतका साधा हिशोब. चेनचा झटकासुद्धा या शास्त्रात पॉझिटिव्हच, फक्त शिक्षा या खात्यात. मराठीत रीइन्फोर्समेंटला प्रबलन म्हणतात, आणि हा शब्द मला कुठे मिळाला? भाचीच्या मानसशास्त्राच्या गाइडमध्ये. चार गुणांसाठी टीप लिहा.

आता सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांना पुस्तकाची गरजच नाही, कारण त्यांनी टीव्हीवर पाहिलंय. "लांडग्यांत एक म्होरक्या असतो. तू अल्फा हो. तिच्या आधी जेव, तिच्या आधी दारातून बाहेर पड." काका, ते लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते हो! 1947 साली एका संशोधकानं त्यांच्या मारामाऱ्या लिहून ठेवल्या. 1970 मध्ये लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या पुस्तकातून ती अल्फाची गोष्ट जगभर गेली. मग हे डेव्हिड मीच स्वतः कॅनडातल्या एल्समीर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे रानातले लांडगे बघत बसले, तर कळप म्हणजे निव्वळ आईबाप आणि त्यांची पिल्लं. 1999 मध्ये तसं लिहिलं. आपलंच पुस्तक छापणं बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले, ते 2022 मध्ये बंद झालं. आडनाव मीच, आणि तरी माणूस मान्य करतो की मीच चुकलो! आमच्या काकांनी लिफ्टमधला दिवा कुणी फोडला हेसुद्धा अजून मान्य केलेलं नाही.

त्यात आपली भाषा. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. झालं, निकाल लागला, मग पुस्तक लिहील कोण? आणि ज्यांना शिकवायचं असतं ते इंग्रजीत. तळमजल्यावरचा शेरू जन्मानं जुन्नरचा, त्याला दिवसभर "नो बेबी, सिट बेबी, मम्माकडे कम." अरे, 'बस' म्हणा ना! एवढुसा शब्द आहे.

असो. तर दुकानात मी हे सगळं बोलून बाहेर आले आणि गाडीची किल्ली शोधताना लक्षात आलं, की ते पोरगं ऐन गर्दीत माझ्यासाठी शिडीवर चढलं होतं. दोनदा. नसतं म्हणून हाकलून दिलं नव्हतं त्यानं. चुकीचं का होईना, काहीतरी आणून दाखवलं होतं. आणि मी काय केलं? आठ गिऱ्हाइकांसमोर त्याचं नाक घासलं. यापुढे कुणी कुत्र्याचं पुस्तक मागितलं की ते पोरगं तोंडावर 'नाही' म्हणून मोकळं होणार. यालाच ट्रेनिंग म्हणतात, आणि ते मी फुकटात देऊन आले.

घरी तरी वेगळं काय? गॅसवाला आला की चिंगी भुंकते, मी स्वयंपाकघरातून "गप्प बस!" म्हणून ओरडते, ती मागे वळून माझ्याकडे बघते, शेपूट हलवते आणि दुप्पट जोरानं सुरू होते. तिला वाटतं, चला, हीपण आली मदतीला. त्या झेरॉक्सच्या पान 61 वर लिहिलंय हे. ते पान शाबूत आहे.

म्हणून परत आत गेले. सॉरी म्हणायला जीभ वळेना, तेव्हा उगवत्या सूर्याचं घेतलं. 250 रुपये. पोरानं फोन नंबर लिहून घेतला, "काही आलं तर कळवतो, काकू." मी काही म्हणाले नाही. शिकवायचं तर पायरीपायरीनं, आणि नको ते दिसलं तर तिकडे काणाडोळा करायचा, हेही माहीत आहे मला. माहीत सगळं आहे.

आज दुपारी फोन आला.

"काकू, मांजराचं आलंय एक. चालेल?"

मांजराचं! तोंडाशी जे आलं होतं ते गिळलं. शनिवारी शेळी होती. आज घरात पाळतात तो प्राणी आहे, मिश्या आहेत, शेपूट आहे.

"शाबास," म्हटलं. "बाजूला काढून ठेव."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणतो कसा, "अजून बघू का, मॅडम?"

शनिवारी जाणार आहे. पर्समध्ये आत्ताच दोन चॉकलेटं टाकून ठेवलीत.