रुमालाखालचा सौदा

नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाहच्या आयपीएल लिलावात लखनौनं ऋषभ पंतला 27 कोटींना घेतलं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. सांगलीहून मामांचा आवाज आला, "बैलबाजार मांडलाय नुसता! अरे, खिलाराचा सौदासुद्धा रुमालाखाली बोटं दाबून होतो, चारचौघांत आकडा सांगत नाहीत. इथं टीव्हीवर हातोडा आपटतात." मामेभावाचं उलट: पैसा मालकाचा, तुमच्या पोटात का दुखतं?

दोनच आठवड्यांनी, मी राहतो त्या न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, मेट्स या बेसबॉल संघानं हुआन सोटोशी 15 वर्षांचा, 76.5 कोटी डॉलरचा करार केला. रुपयांत साडेसहा हजार कोटींच्या आसपास. आयपीएलच्या एका संघाला खेळाडूंवरच्या खर्चाची तेव्हा मर्यादा होती 120 कोटींची. म्हणजे सोटोच्या एका वर्षाच्या पैशात साडेतीन संघ उभे राहतात. मी हे ग्रुपवर टाकलं. मामांकडून फक्त जोडलेले हात आले.

त्या शनिवारी केस कापायला गेलो. न्हावी डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातला, सोटोही तिथलाच. मला वाटलं, हाही आकडाच घोळवणार. तर कात्री थांबवून म्हणाला, न्यूयॉर्कचाच दुसरा संघ, यांकीज, तेही 76 कोटी डॉलरपर्यंत गेले होते, पण पोरानं इकडे यायचं ठरवलं. 'ठरवलं' यावर त्याचा जोर होता.

आणि पंत? दिल्लीनं जुन्या संघाचा हक्क वापरून त्याला पावणेएकवीस कोटींना परत घ्यायचा प्रयत्न केला, लखनौनं थेट 27 सांगितले, दिल्ली गप्प बसली. पंत त्या दिवशी कसोटीसाठी पर्थला होता. लिलावात नाव द्यायचं एवढंच त्याच्या हातात होतं. माझं भांडण त्या 27 कोटींशी नाहीच, पाटी वर करणाऱ्यांत त्याचं बोट कुठेच नव्हतं, याच्याशी आहे. बेसबॉलचा सौदा खरं तर मामांच्या रुमालाखालचाच: बंद खोली, खेळाडूचा दलाल, हळूहळू चढणारे आकडे. फरक इतकाच, की इथे रुमालाखाली एक हात बैलाचा असतो.

हे आपोआप झालेलं नाही. 1969 मध्ये सेंट लुइसच्या बेसबॉल संघानं आपल्या कर्ट फ्लड या खेळाडूला परस्पर फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकलं. मी कुणाची मालमत्ता नाही, असं त्यानं लिहून कळवलं, कोर्टात गेला आणि 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. त्याची कारकीर्द त्यातच संपली. खेळाडूंच्या संघटनेनं पिच्छा सोडला नाही. 1975 मध्ये लवादाचा निकाल लागला आणि खेळाडूंना संघ निवडायचं दार उघडलं. आपल्याकडे 2019 मध्ये क्रिकेटपटूंची संघटना झाली, पण तीही निवृत्तांची. खेळत असलेल्यांच्या वतीनं बोलणार कोण?

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. कोवळ्या पोराला पहिली सहा वर्षं संघ निवडता येत नाही. 2025 मध्ये किमान पगार होता 7 लाख 60 हजार डॉलर, आणि सुरुवातीला बहुतेक जण त्याच्याच आसपास घुटमळतात. सोटोलाही वॉशिंग्टननं मधेच सॅन डिएगोला धाडलं होतं, तेव्हा त्याला विचारतंय कोण. शिवाय पगाराला पक्की मर्यादा नसल्यानं श्रीमंत संघ दंड भरून मोकळे होतात, गरीब संघांचे प्रेक्षक दरवर्षी हळहळतात. या एका बाबतीत आयपीएलची खर्चाची वेसण मला पटते.

पैशानं काय मिळालं म्हणाल, तर 2025 मध्ये सोटोनं 43 होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, मारले आणि मेट्स बाद फेरीतसुद्धा गेले नाहीत. पंतनं त्या मोसमात 269 धावा केल्या, त्यातलं शतक शेवटच्या सामन्यात. मामेभावाला हे कळवलं तर तो म्हणाला, "बघ, दोन्हीकडे मालक फसला."

मामा मात्र दुसरंच विचारत होते. "त्या फ्लडला पुढं कुणी काही दिलं का रे?"