समोर ताक आहे की दूध? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना राग आला, दुसऱ्यांदा सावकाश वाचली. तुम्ही मनापासून लिहिलंय, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. उपेक्षित समाजातल्या माणसांवर उपचार करताना त्यांची पार्श्वभूमी आणि त्यांनी सोसलेला अन्याय थेरपिस्टने लक्षात घ्यायलाच हवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की मेंदू सगळ्यांचा सारखाच, दुःखाला जात, वंश, धर्म नसतो. पुराव्यावर उभ्या असलेल्या पद्धती हाताशी असताना त्यात समाजकारण घुसवलं की माणूस कायमचा 'पीडित' होऊन बसतो. 'ट्रॉमा' हा शब्द आम्ही मंडळी वाटेल तिथे वापरतो. आणि तुमच्या थेरपिस्टने तुम्हाला घराण्याबद्दल, समाजाबद्दल काहीही विचारलं नाही, तरी तुम्हाला गुण आला.

'ट्रॉमा'बद्दल तुमचं बरोबर आहे. साहेब ओरडले तरी ट्रॉमा आणि गाडी चुकली तरी ट्रॉमा, असं व्हायला लागलंय. त्यात नुकसान होतं ते ज्यांच्यावर खरोखर आघात झालाय त्यांचं. हा मुद्दा मी विनातक्रार मान्य करते.

बाकीच्या मुद्द्यांसाठी एक प्रसंग सांगावा लागेल. मी या कामात नवीन होते, तेव्हाचा. माणूस ओळखू येणार नाही इतके तपशील बदललेत, आणि लिहिण्याआधी त्याला विचारलंय.

एक तरुण माझ्याकडे यायचा. झोप नाही, छातीत धडधड, कामात लक्ष नाही. तो ज्या वस्तीत राहायचा तिचं नाव काढलं की समोरच्याचा आवाज बदलतो, असं तो म्हणायचा. मी नुकतीच सीबीटी, म्हणजे मनातले विचार तपासून त्रास कमी करायची उपचारपद्धत, शिकून बाहेर पडले होते. त्यात विचारांची नोंद करायचा एक तक्ता असतो. वर मनात आलेला विचार लिहायचा, खाली डाव्या रकान्यात त्याच्या बाजूचा पुरावा आणि उजव्या रकान्यात विरोधातला. 'लोक मला पत्त्यावरून जोखतात' असं मी त्याला वर लिहायला सांगितलं. माझ्या मनात त्या विचाराचं निदान होऊनही गेलं होतं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते आपणच ठरवून टाकणं, हा विचारांतला एक नेहमीचा दोष.

तो लिहायला लागला. नोकरीची मुलाखत, अर्जावरचा पत्ता वाचल्यावर पाच मिनिटांत 'कळवतो' म्हणून संपलेली. भाड्याची खोली, फोनवर रिकामी असलेली आणि दारात उभं राहिल्यावर 'कालच गेली' झालेली. रस्त्यात थांबवून घेतलेल्या झडत्या, तारखांसह. डावा रकाना भरला. त्याने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत राहिला. उजव्या रकान्यात एक अक्षर नव्हतं. मग पेन खाली ठेवून अगदी शांतपणे म्हणाला, "अजून किती पुरावा लागेल, मॅडम?"

पुढचे दोन आठवडे तो आला नाही. माझ्या नोंदवहीत मी लिहिलं, 'टाळाटाळ'.

माझ्या सुपरवायझरने तो कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "यातलं खोटं कुठलं?" मला एकही ओळ दाखवता आली नाही.

तो परत आला, कारण झोप अजून लागत नव्हती. यावेळी मी तक्ता काढला नाही. सांगायला लागल्यावर कळलं की तो नऊ वर्षांचा असताना पहाटे यंत्रं आली आणि त्याचं घर पाडलं. आईने त्याला ओढत बाहेर काढलं, दप्तर आतच राहिलं. तेव्हापासून अवजड गाडीचं इंजिन ऐकलं की त्याचे हातपाय गार पडायचे. आणि त्याच वस्तीच्या भिंतीवर महिन्याभरापूर्वी पुन्हा एक नोटीस लागली होती.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आघातावरचा बराचसा उपचार या एका म्हणीत बसतो. समोर ताक आहे, दूध नाही, हे शरीराला हळूहळू पटवून द्यायचं. पण ही म्हण समोर ताकच आहे असं गृहीत धरते. रस्त्याने जाणारा कचऱ्याचा ट्रक हे ताक होतं. भिंतीवरची नोटीस हे उकळतं दूध होतं. त्याच्या छातीत मात्र दोन्हीची धडधड एकच होती. ट्रकच्या भीतीवर काम करता येतं, त्याला चांगल्या, तपासलेल्या पद्धती आहेत. नोटिशीची भीती 'विचारातला दोष' म्हणून पुसायला जाणं म्हणजे ज्याचं घर जाणार आहे त्याला घर जाणार नाही असं सांगणं. कुठलं ताक आणि कुठलं दूध हे ओळखायला मला त्याचं जग माहीत असावं लागतं. 'सांस्कृतिक भान' हा शब्द भारदस्त वाटतो खरा, पण रोजच्या कामात त्याचा अर्थ इतका साधा आहे.

पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मनोविकार) हे निदान अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या मनोविकारांच्या पुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, १९८० साली आलं. त्यामागे मोठा रेटा होता व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हालांचा. नावातच 'पोस्ट' आहे, म्हणजे घडून गेल्यानंतरचं. सैनिक घरी येतो, युद्ध मागे राहतं. पण ज्याला घराबाहेर पाऊल टाकलं की रोज त्याच गोष्टीला तोंड द्यायचंय, त्याचं 'नंतर' कधी सुरू होतं? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये हाच प्रश्न लावून धरला. दीर्घकाळ, सुटकेची वाट नसताना होणारा आघात वेगळा असतो आणि उपचाराची सुरुवात सुरक्षिततेपासून करावी लागते, असं त्यांनी मांडलं. अशा आघाताचं 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' हे स्वतंत्र निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत आलं, जी २०२२ पासून लागू आहे. मधे तीस वर्षं गेली.

आता 'शास्त्रात समाजकारण घुसवता' हा आरोप. सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८५१ मध्ये, मालकापासून पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रेपेटोमॅनिया' हा मनोविकार असतो असं लिहिलं. समलैंगिकता हा विकार आहे असं मानणं अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये सोडलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. म्हणजे समाजकारण त्या खोलीत आधीपासून बसलेलं होतं, फक्त ज्यांच्या सोयीचं होतं त्यांना ते दिसत नव्हतं. माझा तक्ता आणि कार्टराइटचं निदान यांत अंतर फार मोठं आहे. तरी चूक एकाच जातीची होती. बाहेरच्या परिस्थितीला दिलेलं शहाणं उत्तर आम्ही दोघांनीही माणसाच्या आतला बिघाड समजलो.

तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी 'पीडित' होऊन बसण्याची आहे. मी जे पाहते ते बहुतेक वेळा उलटं असतं. अशी माणसं येतात तीच स्वतःला दोष देत. 'माझ्यातच काहीतरी खोट असणार', 'मीच जास्त मनाला लावून घेतो'. वर्षानुवर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेला असतो, आणि मार लागला हेही कुणी कबूल केलेलं नसतं. ते एकदा कुणी कबूल केलं की स्वतःशी भांडण्यात जाणारी ताकद मोकळी होते आणि दुसऱ्या कामाला लागते. जुन्या जखमा उकरून काढायच्या असा अर्थ तुम्ही घेतला असाल, तर तसं नाही. घडलेलं सगळं एका बैठकीत वदवून घेण्याची 'डीब्रीफिंग'ची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. आघाताचं भान ठेवणं म्हणजे किती सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे त्या माणसाच्या हातात ठेवणं. हा तरुण चौथ्या भेटीत मला म्हणाला, "खुर्ची फिरवू का?" माझ्या खोलीत समोरच्याची पाठ दाराकडे असायची. मला ते कधी सुचलंच नव्हतं. खुर्ची फिरवली, त्याला दार दिसायला लागलं, आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा पाठ टेकून बसला.

तुमच्या बोलण्यातला एक धोका मात्र मला खरोखर वाटतो, कदाचित तुम्हाला वाटतो त्याहून जास्त. शितावरून भाताची परीक्षा. अमुक समाजाची माणसं भावना बोलून दाखवत नाहीत, तमुक समाजात वडिलांचा धाक असतो, अशा याद्या पाठ करून आलेला थेरपिस्ट काहीच न जाणणाऱ्यापेक्षा वाईट. त्याला वाटतं आपल्याला कळलंय, म्हणून तो विचारायचा थांबतो. मेलानी टर्वालोन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये यावर 'सांस्कृतिक नम्रता' हा शब्द सुचवला. दुसऱ्याची संस्कृती हा शिकून संपवायचा विषय नाही, तिथे आयुष्यभर विद्यार्थीच राहायचं, आणि स्वतःच्या हातातली सत्ताही तपासत राहायचं. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत, डीएसएम-५ मध्ये, २०१३ पासून १६ प्रश्नांची एक मुलाखत आहे, तिचाही रोख हाच आहे. तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे आला असं तुम्हाला वाटतं, हे त्या माणसालाच विचारायचं.

पुराव्याचं म्हणाल तर काँगोचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. पूर्व काँगोमध्ये लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांवर 'कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी' गटांत वापरली गेली. ही तक्ते लिहून करायची पद्धत आहे, आणि तिथल्या अनेक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून लिहायचा भाग सोपा करून तोंडपाठ करण्याजोगा बनवला. थेरपी दिली स्थानिक कार्यकर्त्या स्त्रियांनी. भोवतालची हिंसा थांबलेली नव्हती. तरीही नुसता वैयक्तिक आधार मिळालेल्या गावांच्या तुलनेत या स्त्रियांची लक्षणं कितीतरी जास्त कमी झाली. अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पद्धत तपासलेली असणं आणि ती माणसाच्या मापाची करून घेणं यांत भांडण नाही, हे मला तिथे दिसतं. आणि धोका पूर्ण टळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचीही गरज नाही.

राहता राहिला तुमचा स्वतःचा अनुभव. तुम्हाला गुण आला याचा मला खरंच आनंद आहे. फक्त एक आठवून पाहा. त्या खोलीत तुम्हाला किती गोष्टी समजावून सांगाव्या लागल्या नाहीत? तुमचं आडनाव, तुमची भाषा, घरात कोण कुणाशी कसं बोलतं, सणाला कुणाकडे जायचं. तुमच्या थेरपिस्टने विचारलं नाही, कारण बहुधा त्यांना ते आधीच माहीत होतं. तुमच्या उपचारातही संस्कृती होतीच. तुम्हा दोघांची ती एकच असल्याने तिच्याबद्दल बोलायची वेळ आली नाही, एवढंच. माझा अंदाज चुकत असेल तर जरूर सांगा.

त्या तरुणाचं पुढे काय झालं, हेही सांगते. ट्रकच्या आवाजावर आम्ही सुमारे चार महिने काम केलं. आधी लांबून, मग जवळून, मग रस्त्याच्या कडेला उभं राहून. झोप परत आली. नोटिशीचं काम मी केलं नाही, मला ते करता येत नाही. वस्तीतल्या लोकांनी वकील गाठला, कागद गोळा केले, आणि कागदांची फाइल याच्याकडे होती. एका आठवड्यात त्याचा निरोप आला की सेशनला येता येणार नाही, त्याच वेळी वस्तीची बैठक आहे. मी नोंदवही उघडली आणि लिहिलं, 'बैठकीला गेला'.