मार्सेल यांकूंच्या इमारती आणि पुसली गेलेली नावे

मार्सेल यांकू हे नाव आपल्याकडे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते बहुधा दादावाद या बंडखोर कलाचळवळीच्या संदर्भात ठाऊक असते. १९१६ साली झुरिकच्या ‘कॅबरे व्होल्टेअर’मध्ये ट्रिस्टन झारा, ह्यूगो बॉल आणि त्यांच्या सोबत्यांनी जे प्रयोग केले, त्यांसाठी पुठ्ठा, गोणपाट आणि रंग वापरून अंगावर येणारे मुखवटे घडवणारे ते हेच. कलेच्या इतिहासाची पुस्तके त्यांना त्या मुखवट्यांपाशीच सोडून पुढे निघून जातात. वास्तविक यांकू झुरिकला गेले होते ते स्थापत्य शिकायला. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये कार्ल मोझर हे त्यांचे शिक्षक होते. पुढे आपल्या जन्मगावी, बुखारेस्टमध्ये, १९२६ पासून सुमारे बारा वर्षांत त्यांनी लहानमोठ्या चाळीसएक वास्तू उभ्या केल्या. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचे खरे काम या घरांमध्ये आहे, आणि ती घरे ज्यांच्यासाठी बांधली गेली त्या माणसांना वगळून त्यांच्याबद्दल काही बोलणे अपुरे आहे.

गेल्या वर्षी बुखारेस्टमध्ये तीन दिवस मिळाले, तेव्हा राजवाडे आणि संग्रहालये बाजूला ठेवून मी केवळ यांकूंच्या इमारती शोधत हिंडले. शहराच्या जुन्या केंद्राच्या पूर्वेला एके काळी ज्यू वस्ती होती. यांकूंच्या कामाची सर्वांत दाट गर्दी तिथे आणि तिच्या लगत उत्तरेला आहे. हा योगायोग नव्हता. त्यांचे वडील हर्मन यांकू कापडाचे व्यापारी होते आणि मार्सेलना सुरुवातीची कामे मिळाली ती घरातून, नात्यागोत्यातून आणि ओळखीपाळखीतून. १९२६ मधले पहिले मोठे काम तर वडिलांच्याच जागेवरचे आहे. १९२७ साली जाँ फुक्स यांच्यासाठी बांधलेले घर हे बुखारेस्टमधले पहिल्या काही आधुनिक घरांपैकी एक. सपाट भिंती, नक्षीचा पूर्ण अभाव, एकमेकांत अडकवलेल्या पेट्यांसारखे आकार, हे सारे तेव्हाच्या वृत्तपत्रांना इतके खटकले, की कुणी त्या घराला शवागार म्हटले, तर कुणी दहनगृह. पुढच्या काही वर्षांतच असे घर हवे म्हणून लोक यांकूंकडे येऊ लागले.

इथे एक पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. रुमानियातल्या बहुसंख्य ज्यूंना नागरिकत्व मिळाले ते पहिल्या महायुद्धानंतर, आणि १९२३ च्या राज्यघटनेने त्यावर शिक्कामोर्तब झाले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहूनही जे लोक कायद्याच्या लेखी परके होते, ते अखेर बरोबरीचे नागरिक झाले, आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी यांकूंचे पहिले घर उभे राहिले. १९३० च्या जनगणनेत बुखारेस्टची लोकसंख्या ६ लाख ३९ हजारांवर पोहोचली होती आणि शहर झपाट्याने वाढत होते. अशा वेळी एखाद्या कुटुंबाने आपल्या जागेवर पाच-सहा मजल्यांची इमारत बांधणे, एका मजल्यावर स्वतः राहणे आणि बाकीचे मजले भाड्याने देणे यात जसा व्यवहार होता तसा विश्वासही होता. आपण इथलेच आहोत आणि इथेच राहणार आहोत, असे त्यांनी त्या सिमेंट-काँक्रीटमधून म्हटले आहे, असे मला तिथे उभी असताना वाटत राहिले. यांकूंनीही तेच केले. काइमातेइ रस्त्यावरची त्यांची १९३१ च्या सुमाराची इमारत पत्नी क्लारा यांच्या नावावर होती. एका घरात ते कुटुंबासह राहत आणि उरलेली भाड्याने देत.

या इमारतींना तेव्हा बुखारेस्टमध्ये ‘ब्लॉकहाउस’ म्हणत. हे वाचले तेव्हा मला माझ्या आजीची आठवण झाली. चाळीतून निघून स्वतंत्र संडास-न्हाणीघर असलेल्या जागेत राहायला जाणे म्हणजे ‘ब्लॉक घेणे’, असे तिची पिढी म्हणत असे, आणि तो शब्द उच्चारताना तिच्या आवाजात जो मान असे, तसाच मान बुखारेस्टच्या भाडेकरूंनाही वाटत असावा.

तीन इमारतींविषयी जरा विस्ताराने लिहिते. पहिली सॉली गोल्ड यांची, १९३४ मधली, ख्रिस्तो बोतेव रस्त्याच्या कोपऱ्यावरची. जागा लहान आणि अडचणीची आहे. असा कोपरा मिळाला की बहुतेक वास्तुकार तो गोल करून मोकळे होतात. यांकूंनी तो कोनांमध्ये मोडला, एकातून दुसरा कोन बाहेर काढला, प्रत्येक बाजूला बाल्कनी दिली आणि सर्वांत वर दोन मजल्यांचे एक घर बसवले. समोरच्या पदपथावरून चालत जाताना दर पाच-दहा पावलांना इमारतीची आकृती बदलते. दाराशी शिल्पकार मिलित्सा पेत्राश्कू यांनी घडवलेले शिकारीच्या देवतेचे उठावशिल्प आहे. यांकूंनी भिंतीवरची नक्षी पुसली, पण कलेला घरातून हद्दपार केले नाही. घरी येणाऱ्या माणसाची नजर जिथे थांबते नेमके तिथे त्यांनी तिला जागा दिली. आधुनिक स्थापत्य रूक्ष असते, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे दार एकदा पाहावे.

दुसरी फ्रीदा कोहेन यांची इमारत, १९३५ मधली. स्तेल्या स्पतारुल रस्त्यावर जिथे लहानसा चौक होतो, तिथे ही सात मजली वास्तू आपल्या वळणदार बाल्कन्यांसह उभी आहे. आधी कोन मोडणारा हाच माणूस इथे सरळ रेषा सोडून देतो, कारण समोरचा चौक गोल आहे आणि इमारत त्या गोलाईला उत्तर देते. जागेचा स्वभाव ओळखण्याची ही दृष्टी मला यांकूंच्या कामात सर्वांत मोलाची वाटते. तिसरी दाविद हाइमोविच यांची, १९३७ मधली, वरच्या मजल्यावर भूमध्य सागराकाठच्या घरांसारखा मांडव असलेली. करड्या गुळगुळीत भिंती आणि त्यांना पांढरी किनार, एवढाच तिचा शृंगार.

ती इमारत उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३८ मध्ये, गोगा आणि कुझा यांच्या ज्यूविरोधी सरकारने ज्यूंचे नागरिकत्व तपासण्याचा हुकूम काढला. त्यातून सुमारे सव्वादोन लाख लोकांचे नागरिकत्व गेले. १९२३ मध्ये जे दिले गेले होते ते पंधरा वर्षांत परत घेतले गेले. यांकूंच्या हाताला काम मिळणे थांबले. २१ ते २३ जानेवारी १९४१ या तीन दिवसांत ‘लोहरक्षक’ या फॅसिस्ट संघटनेच्या बंडाच्या वेळी बुखारेस्टमध्ये ज्यूंची कत्तल झाली. सुमारे सव्वाशे माणसे मारली गेली, काहींचे मृतदेह शहराच्या कत्तलखान्यात टांगलेले सापडले. मारल्या गेलेल्यांमध्ये क्लारा यांचा भाऊ होता. त्याच वर्षी यांकू कुटुंबासह पॅलेस्टाइनला निघून गेले.

आणि त्याच वर्षी, मार्च १९४१ मध्ये, ज्यूंच्या मालकीची शहरांतली घरे सरकारजमा करणारा कायदा आला. ज्यांनी एवढ्या विश्वासाने इमारती बांधल्या होत्या, ते आपल्याच घरात उपरे झाले. युद्ध संपल्यावर तो कायदा रद्द झाला, पण १९५० च्या एप्रिलमध्ये साम्यवादी सरकारने घरांचे राष्ट्रीयीकरण केले. या वेळी धर्म पाहिला नाही, मालकी पाहिली. १९८९ नंतर कुठे भाडेकरूंनी घरे विकत घेतली, कुठे जुन्या मालकांच्या वारसांनी दावे लावले. सध्या तिथे राहणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी ती घरे कुणाकडून हिसकावलेली नाहीत. मात्र एका वास्तूच्या मालकीचा कागद इतक्या वेळा फाडला गेला असेल, तर पहिले नाव सांगण्याची जबाबदारी शहरावर येते, असे मी मानते.

यांकूंच्या पुढच्या आयुष्यातला एक भाग मला अस्वस्थ करतो आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९५३ साली त्यांनी इस्रायलमध्ये कार्मेल डोंगराच्या उतारावर ऐन होद ही कलावंतांची वसाहत स्थापन केली. ती जागा म्हणजे ऐन हौद हे अरब गाव होते. १९४८ मध्ये तिथले रहिवासी विस्थापित झाले होते आणि त्यांची दगडी घरे पाडली जाणार होती. यांकूंनी ती घरे वाचवली हे खरे, पण ज्यांची ती होती त्यांना ती परत मिळाली नाहीत हेही तितकेच खरे. विस्थापितांपैकी काहींनी जवळच्या टेकडीवर नवी वस्ती केली. ज्या माणसाने स्वतःचे शहर गमावले, त्याने दुसऱ्यांच्या रिकाम्या घरांमध्ये कलेचे गाव वसवले. यांकूंबद्दलचा माझा आदर यामुळे नाहीसा होत नाही. पण बुखारेस्टमध्ये फ्रीदा कोहेन यांचे नाव मागणाऱ्या माणसाने ऐन हौदच्या कुटुंबांची नावेही मागितली पाहिजेत.

बुखारेस्टकडे परत येते. शहरातल्या दोन युद्धांदरम्यानच्या इमारतींना आता दोन बाजूंनी धोका आहे. एक भूकंपाचा. १९४० च्या नोव्हेंबरमधल्या भूकंपात अवघी चार वर्षे वयाची कार्लटन इमारत कोसळली, आणि ४ मार्च १९७७ च्या भूकंपात एकट्या बुखारेस्टमध्ये चौदाशेहून अधिक माणसे दगावली. कोसळलेल्यांत त्या काळातल्या उंच इमारती मोठ्या संख्येने होत्या, कारण त्यांचे काँक्रीटचे सांगाडे भूकंपाचा हिशेब न करता उभारलेले होते. सर्वाधिक धोक्याच्या इमारतींच्या दारांवर आजही लाल ठिपका लावलेला दिसतो. त्यांचे मजबुतीकरण तातडीने झाले पाहिजे, आणि त्यासाठी एखादी भिंत जाड करावी लागली तरी माझी हरकत नाही. दुसरा धोका हळूहळू येणारा आहे. लाकडी खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या चौकटी बसवणे, बाल्कन्या काचेने बंद करणे, भिंतींवर थर्माकोलचे जाड थर चढवणे यांनी या घरांचे प्रमाण बिघडते, आणि यांकूंच्या घरांमध्ये प्रमाणाखेरीज दुसरा दागिनाच नाही. खिडकीची चौकट चार बोटांनी जाड झाली तरी सारी ओळ बेसूर होते.

डागडुजी करताना दाराशी एक दगडी पाटी बसवावी, एवढी मागणी मला यात जोडावीशी वाटते. बुखारेस्टमध्ये वास्तुकाराचे नाव दर्शनी भिंतीवर कोरण्याची जुनी पद्धत आहेच. तिच्यात घर बांधवून घेणाऱ्याचे नाव आणि वर्ष मिळवावे. ‘फ्रीदा कोहेन यांच्यासाठी मार्सेल यांकू यांनी बांधले, १९३५.’ हा मजकूर हातभर दगडावर सहज मावतो.