ओरिजिनल ब्लेड

शनिवारी संध्याकाळी एका सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी माझ्या बुटांकडे बघून मला दहा डॉलर कमी केले, आणि ते मला अजून पचलेलं नाही. मी आयुष्यात घासाघीस करून पैसे कमी केलेत, ओळख सांगून कमी केलेत, एकदा तर नुसता गप्प बसून कमी केलेत. पण समोरच्याला कीव येऊन कमी झालेले पैसे वाचल्यासारखे वाटतच नाहीत. खिशात राहतात आणि टोचतात.

झालं असं की मिनियापोलिसला आमचे पाच-पाच सहा-सहा हिवाळे काढून झाल्यावर ग्रुपवर कोणीतरी टाकलं की यंदा आईस फिशिंगला जायचंच. म्हणजे गोठलेल्या तळ्यावर जायचं, बर्फाला भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि बादली उलटी घालून तिच्यावर बसून राहायचं. इथली माणसं हे हौसेने करतात. आम्ही पाच जण: एक मालवणी, एक पुणेकर, एक नागपूरकर, एक नाशिककर आणि मी सोलापूरचा. बजेट माणशी ५० डॉलर, सगळं धरून. बजेट अर्थातच पुणेकराने ठरवलं. मिलॅक्सच्या तळ्यावर हीटर आणि बंकबेडवाल्या केबिनी भाड्याने मिळतात, त्यांचे रेट नाशिककराने हौसेने टाकले, तर पुणेकराचं उत्तर आलं, "गारठायलाच चाललोय ना? मग हीटरचे पैसे कशाला?"

यावर काय बोलणार!

मग लायसन्स. इथे सोळा आणि त्यावरच्या वयाच्या माणसाला मासे धरायला लायसन्स लागतं. पुणेकराने शोधून काढलं की जानेवारीत मार्टिन लूथर किंग डेच्या लाँग वीकेंडला सोबत १५ वर्षांचं किंवा त्याखालचं पोर असेल तर मिनेसोटात राहणाऱ्या मोठ्या माणसांना लायसन्स लागत नाही. पोरांना गोडी लागावी म्हणून काढलेली स्कीम आहे, पण आमच्या ग्रुपवर तिचा अर्थ "पोर कोणाचं मिळेल?" असा लागला. नागपूरकराला सात वर्षांची मुलगी आहे. एका पोरीवर पाच माणसं चालतात का, यावर दोन दिवस चर्चा झाली. ती पोर थंडीत रडली तर तिला गाडीत ठेवायचं का, आणि गाडीत ठेवली तर ती "सोबत" धरतात का, इथपर्यंत मजल गेल्यावर नागपूरकराची बायको म्हणे मागून मोबाईलमधे डोकावली, आणि ती चर्चा तिथेच संपली.

त्यात पुणेकर शाकाहारी. त्याने आधीच डिक्लेअर करून टाकलं की मी धरण्यात आहे, खाण्यात नाही, तेव्हा आमिषाचा खर्च माझ्यावर टाकू नये. मिनो म्हणजे बोटभर जिवंत मासे, ते गळाला लावतात, डझनावर मिळतात. त्या डझनातल्या आपल्या वाट्याच्या २.४ मिनोंचे पैसे हा माणूस तत्त्वासाठी देणार नव्हता. आणि मालवणी म्हणत होता की गोड्या पाण्यातला मासा हा मुळात मासाच नव्हे, आपण फक्त बघायला येणार. मी म्हटलं, अरे वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा आहे, १९६५ पासून. म्हणाला, "असूं दे. मोरपण राष्ट्रीय पक्षी आसा, म्हणून मी खातंय?" मी भिगवणला हायवेवर थांबून उजनीची चिलापी मिटक्या मारत खाल्लेला माणूस, मला ते लागलं, पण विषय वाढवला नाही.

आता मेन मुद्दा, ऑगर. ऑगर म्हणजे आपल्या सुताराचं गिरमिट, फक्त छातीपर्यंत येणारं. एक हात वरच्या मुठीवर दाबून धरायचा, दुसऱ्याने दांडा गरागरा फिरवायचा, खाली बर्फाचा कीस पडतो आणि भोक होतं. बॅटरीवालं बजेटच्या बाहेर, म्हणून हातानेच फिरवायचं, आणि नवीन कशाला, सेकंडहँड बघ. हे काम माझ्याकडे कसं आलं? मी त्या वेळी ऑनलाईन होतो.

तर शनिवारी मी चाळीस मैल गाडी मारून त्या आजोबांच्या गॅरेजमधे पोचलो. जाहिरातीत लिहिलं होतं, सहा इंची हँड ऑगर, ४० डॉलर. बाहेर -४ फॅरनहाईट, म्हणजे आपल्या भाषेत उणे २०. गॅरेजमधे पेट्रोल, रबर आणि जुन्या माशाचा एकत्र वास. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या आखूड काठ्या, बर्फातल्या फिशिंगच्या काठ्या हातभरच असतात, पोरांच्या खेळण्यासारख्या. त्याखाली एक झारा. अगदी आपला पुऱ्या तळायचा झारा, भोकाभोकांचा, फक्त दांडा लांब. भोकात साचलेला बर्फाचा चुरा त्याने काढतात म्हणे. मी लगेच ग्रुपवर फोटो टाकला की हे विकत घेऊ नका, घरी आहे. (माझ्या बायकोने नंतर विचारलं, कोणाच्या घरी?)

मी ऑगरला हात लावला तर आजोबा म्हणाले, "थांब. आधी सांग, चार इंच म्हणजे काय?"

मला वाटलं भोकाचं माप विचारतायत. म्हटलं, सहा इंच ना?

त्यांनी अशी मान हलवली जसे आमचे दहावीचे विज्ञानाचे सर हलवायचे. मग कळलं की ती परीक्षा होती. चार इंच चांगला नवा बर्फ असेल तरच चालत जायचं. छोटी गाडी न्यायची तर नऊ-दहा. आणि तेही सगळीकडे मोजत मोजत, कारण एका ठिकाणी दहा असलेला बर्फ पन्नास पावलांवर तीन असू शकतो. गाडी बर्फावर घातली की काचा खाली आणि सीटबेल्ट काढून ठेवायचा, बुडायला लागलात तर बाहेर पडता यावं म्हणून. हे त्यांनी कुकरच्या शिट्ट्या किती काढाव्यात हे सांगावं तितक्या शांतपणे सांगितलं. "आणि कुठलाही बर्फ शंभर टक्के सेफ नसतो," असं म्हणून माझ्याकडून ते एकदा वदवून घेतलं. मी म्हटलं. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींच्या मागून म्हणतात तसं म्हटलं.

"पहार आहे?"

"नाही."

"गळ्यात अडकवायचे टोचे आहेत? पाण्यात पडलास तर बर्फात रोवून वर यायला?"

"नाही."

"तुमच्याकडे इंडियात बर्फावर मासे धरतात का?"

आता सोलापूरच्या माणसाने याला काय उत्तर द्यायचं? आमच्याकडे मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीत डांबर चपलेला चिकटतं. बर्फ म्हणजे लग्नात कारखान्यातून पोत्यात गुंडाळून आणलेली लादी, जी मांडवात पोचेपर्यंत अर्धी व्हायची. मी म्हटलं, "आमच्याकडे मासा मेल्यावर बर्फात जातो." त्यांना हे फार आवडलं. हसून हसून खोकले, आत जाऊन बायकोला सांगून आले, आणि येताना एका प्लेटमधे "बार" घेऊन आले. मी सोलापूरचा असल्यामुळे बार म्हटल्यावर मनात वेगळंच आलं, पण इथे बार म्हणजे वडी, ट्रेमधे भाजून चौकोनी कापलेली. चॉकलेटची होती. चांगली होती. आणि दुसऱ्याच्या घरची वडी तोंडात असताना भाव करता येत नाही, हे मला वडी तोंडात गेल्यावर कळलं.

मधेच सांगतो, हे सगळं दहावीत होतं. "पाण्याचे असंगत आचरण". होपचं उपकरण, आकृती काढा, गुण ३. पाणी चार अंश सेल्सिअसला सगळ्यात जड होतं, ते खाली बसतं, त्याहून थंड पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि वरूनच गोठतं, म्हणून बर्फाखाली मासे जिवंत राहतात. मी हे पाठ करून तीनपैकी तीन मिळवले होते. पुढे कधीतरी या असंगत आचरणावर आपलं ८२ किलो वजन घेऊन उभं राहायचंय, हे त्या आकृतीत कुठेही दाखवलेलं नव्हतं.

शेवटी घास गिळून मी म्हटलं, पंचवीस.

आजोबा म्हणाले, "हं. दॅट्स डिफरंट."

इथे इतकी वर्षं राहून मला एवढं कळलंय की मिनेसोटाचा माणूस "डिफरंट" म्हणाला म्हणजे त्याने तुम्हाला शिवी घातली. पण मी मागे हटलो नाही. माझी आई सोलापूरच्या मंगळवार बाजारात एक हुकमी डाव खेळते, किंमत सांगायची, पिशवी उचलायची आणि सरळ चालू लागायचं. दहा पावलांच्या आत भाजीवाला हाक मारतो, "अहो मावशी, या इकडं." पंचवीस वर्षांत हा डाव फेल गेलेला मी पाहिलेला नाही. तर मी हातमोजे घातले, "ओके, थँक यू," म्हटलं आणि गाडीकडे निघालो.

दहा पावलं झाली, वीस झाली, गाडी आली.

मागे वळून बघतो तर आजोबा गॅरेजच्या दारात उभे राहून प्रेमाने हात हलवतायत. "ड्राइव्ह सेफ नाऊ!"

उणे वीसमधे गाडीच्या दाराला हात लावून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. चाळीस मैल आलो होतो. शेवटी टोपी आत राहिली असं काहीतरी पुटपुटत परत गेलो. टोपी डोक्यावर होती. आजोबांनी ती पाहिली, काही बोलले नाहीत, मग त्यांची नजर खाली माझ्या बुटांवर गेली. रनिंगचे बूट, वरून जाळीचे, मे महिन्यात सेलमधे घेतलेले. ते बराच वेळ बघत राहिले. मग इतक्या हळू आवाजात, पेशंटच्या नातेवाईकांशी बोलावं तसं म्हणाले, "थर्टी. आणि उरलेल्या दहाचे लोकरीचे मोजे घे."

मी तीस काढून दिले. निघताना, ऑगरच्या टोकाला केशरी प्लॅस्टिकचं टोपण होतं त्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ब्लेड ओरिजिनल आहेत हं."

मला काय आनंद झाला! ओरिजिनल! आपल्याकडे ओरिजिनल म्हणजे काय? ओरिजिनल चार्जर, ओरिजिनल पार्ट, ओरिजिनल हापूस. डुप्लिकेट नाही, अस्सल. मी ग्रुपवर टाकलं, "थर्टीला मिळालं, ब्लेडसुद्धा ओरिजिनल!" नाशिककराने टाळ्या टाकल्या. त्यानंतर आजोबांनी मांडीवर थाप मारून "वेल..." म्हटलं, म्हणजे आता निघा, पण इथल्या पद्धतीप्रमाणे त्यानंतर अजून पंचवीस मिनिटं दारात आणि दहा मिनिटं गाडीच्या काचेतून गप्पा झाल्या.

घरी येऊन टोपण काढलं. दोन्ही ब्लेड गंजून तपकिरी. बोटाच्या नखावर फिरवून बघितलं, नखाला ओरखडासुद्धा नाही. त्याने श्रीखंडसुद्धा कापलं गेलं नसतं. मग ट्यूब पेटली, ओरिजिनल म्हणजे हे गिरमिट घेतल्या दिवसापासून एकदाही न बदललेली. म्हातारा खोटं बोलला नव्हता. उलट तो मला सावध करत होता आणि मी त्याला थँक यू म्हणून आलो. नवीन ब्लेडची जोडी ३३ डॉलर. तीस आणि तेहतीस त्रेसष्ट, आणि दुकानात नवं कोरं हँड ऑगर साठला लटकतंय. पेट्रोल वेगळं.

मी हे ग्रुपवर सरळ कबूल केलं, माझी चूक झाली म्हणून. तासाभराने खर्च वाटून घ्यायच्या स्प्लिटवाईज ॲपवर पुणेकराची एंट्री आली, "ऑगर ३०, भागिले पाच." ब्लेडचं काय विचारलं तर म्हणाला, "टोपण काढून बघायला काय झालं होतं? ते तुझं पर्सनल." आणि बाकी तिघांनी त्याला अंगठा दिला. मालवण्यानेसुद्धा, जो फक्त बघायला येणार आहे.

आता हसण्यावारी नेतोय मी, पण खरं सांगू का, मला राग आलाय. चार बेडरूमची घरं आहेत यांची, गॅरेजमधे दोन दोन गाड्या. बारा डॉलरच्या कॉफ्या पितात. आणि ३३ डॉलरला पाचने भागायला हात जड होतो. टेंट कोणी शोधला? मी. बर्फाचा रिपोर्ट रोज कोण टाकतं? मी. बैठकीला पाच बादल्या कोणी जमवल्या? मी, त्यातल्या दोन लोणच्याच्या आहेत आणि अजून वास जात नाहीये. शनिवारच्या त्या दिवसात ग्रुपवर ६१ मेसेज होते, त्यातले ४० मिसळीला पाव न्यायचा की ब्रेड यावर. पोचलास का, हे एकानेही विचारलं नव्हतं. विचारलं कोणी, तर त्या आजोबांनी. रात्री साडेनऊला, "गेट होम ओके?"

ब्लेड मीच मागवलीत. बुधवारी येतील. स्प्लिटवाईजमधे मी गुपचूप "बादल्यांचा डीप क्लीन, ३३" अशी एंट्री टाकली होती, पुणेकराने सात मिनिटांत डिलीट केली.

आणि आत्ता हे लिहिता लिहिताच आजोबांचा मेसेज आलाय, फोटोसकट. भिंतीला टेकवून ठेवलेली पहार, शेजारी स्केल म्हणून त्यांचा स्वतःचा बूट. "तुला लागेल. २०. हीपण ओरिजिनल."

मी १५ टाईप केलंय. अजून पाठवलं नाही.