साडेतीन इंच पुरे

नोव्हेंबरात विस्कॉन्सिनमधल्या कुठल्याही ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज ठेवू नये. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो, नऊ दिवस चालतो, आणि गणपतीला चाकरमानी कसा सुट्टी मिळो न मिळो कोकणात निघतोच, तशी इथली माणसं केशरी जॅकेटं चढवून जंगलात गायब होतात. मॅनेजरही त्यातच असतो म्हणून कोणी विचारत नाही.

मी यात ओढला गेलो तो टीममधल्या एका मित्रामुळे. त्याच्या सासऱ्यांची शेती आणि शेतीला लागून जंगल, म्हातारा जन्मभर गाई सांभाळून आता रिटायर झालेला. बंदूक त्यांची, नेम त्यांचा, मी फक्त पडलेलं हरीण ओढायला आणि साफ करायला हात लावायचा. ‘फक्त स्वतःची सुरी घेऊन ये, फिक्स्ड ब्लेडची,’ एवढंच मित्र म्हणाला, म्हणजे पातं मुठीत न दुमडणारी, आणि पुढचे कित्येक दिवस माझ्या झोपेचं खोबरं झालं.

आता माझ्या पिढीच्या मराठी माणसाला यातलं काय कळणार? आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार हा विषय हळूहळू संपला, आणि आमच्या घरात तर त्याच्या आधीही कोणी भेकरामागे धावल्याचं ऐकिवात नाही, आमची धाव सुरमईपर्यंत. त्यामुळे बायको म्हणाली, किचनमधली ने ना, ती शेफवाली. ती आठ इंची, पातळ, मुठीला अडणी नाही, कांद्याला उत्तम. मी नको म्हणालो तर म्हणे मग नवीन घ्यायला बहाणाच हवा होता तुला. (हे खोटं नव्हतं.)

नेटवर वाचायला बसलो ते चुकूनही कोणी बसू नये. आधी घडीची की बिनघडीची यावरच लोक हातघाईवर आलेले. त्यात मात्र तथ्य आहे, घडीच्या चाकूच्या सांध्यात रक्त, चरबी आणि केस जाऊन बसतात, वरून धुतला तरी आत राहतं आणि मग खिशातला वास आठवडाभर सोबत करतो. बिनघडीची सुरी नळाखाली धरली की विषय मिटला. पण मग पुढे स्टीलचे प्रकार. १०९५ म्हणजे साधारण ०.९५ टक्के कार्बन, धार झटकन लागते पण पुसून तेलाचा हात नाही फिरवला तर गंजते. ४२० एचसी गंजत नाही सहजी, धारही सोपी, पण लवकर बोथट होते म्हणे. डी टू, व्हीजी १०, आणि एस ३० व्ही ज्यात चार टक्के व्हॅनेडियम असतं, धार टिकते पण एकदा गेली की साध्या दगडावर परत आणताना हात दुखून येतात. शाळेत रसायनशास्त्रात कसाबसा पास झालेला मी रात्री दीड वाजता क्रोमियमचे टक्के पाठ करतोय आणि बायको कूस बदलत विचारतेय, हरीण विचारणार आहे का तुला हे?

दुकानात गेलो तर तिथला पोरगा भलताच उत्साही. त्याने पहिलीच काढली ती सात इंची, पुढे वाकडं अणकुचीदार टोक, पाठीवर करवतीचे दात, मुठीत होकायंत्र. होकायंत्र! हरणाच्या पोटात उत्तर दिशा कुठे ते बघायला बहुतेक. ती पाठीवरची करवत तर निव्वळ शोभेची, लाकूडही धड कापत नाही आणि कातड्यात फिरवली की केस उपटून मांसाला चिकटवते. मग त्याने गट हुकवाली दाखवली, टोकाजवळ उलटा आकडा असतो, तो कातड्यात अडकवून ओढला की पोट झिपसारखं उघडतं. पहिल्यांदा छान वाटतं, पण आकड्याच्या आत केस अडकतात आणि त्याला धार लावायला वेगळी गोल कानस लागते, कोण करत बसणार.

मी त्या सात इंचीवर थोडा भाळलो होतो हे खरं, हातात घेतली की छाती आपोआप पुढे येते. म्हणून दुकानातूनच आईला व्हिडिओ कॉल लावला, वेंगुर्ल्याला. तिने चष्मा लावून नीट बघितली आणि म्हणाली, ‘एवढो मोठो सुरो कित्याक रे? कोणाक मारूक जातंस?’ म्हटलं आई, मेलेलंच असतं, फक्त पोट साफ करायचंय. मग तर ती हसायलाच लागली. म्हणे आडाळो (आमच्याकडची विळी) घेऊन जा, मी जन्मभर त्याच्यावरच केलं सगळं. दुकानातला पोरगा स्क्रीनकडे बघत होता, त्याला काय सांगणार की ही बाई पाटावर बसून मोरीत मुशी साफ करते आणि गप्पाही मारते.

आईचं म्हणणं सासरेबुवांकडे गेल्यावर पटलं. आपल्याकडे कोथळा म्हटला की प्रतापगड, १६५९, पुढचं सांगायला नको. इथेही कोथळाच काढायचा असतो पण तो न फोडता, आणि सगळी गोम तिथेच आहे. आतडं फुटलं किंवा मूत्राशयाला टोक लागलं की ते सगळं मांसावर सांडतं. म्हाताऱ्याने सीझनच्या आधीच अंगणात मला उताणं पाडून (खरंच, गवतावर, शेजाऱ्यांसमोर) माझ्या जॅकेटवर दाखवलं. छातीच्या हाडाखाली कातडं चिमटीत उचलायचं, छोटा छेद, त्यात दोन बोटं घालायची, बोटांच्या बेचक्यात पातं, धार आभाळाकडे, टोक बोटांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि बोटांनी आतडी खाली दाबत दाबत पुढे सरकायचं. धार वर असल्यामुळे केसही कापले जात नाहीत. मग पोट आणि छातीमधला पडदा कापून छातीत कोपरापर्यंत हात घालायचा, एका हाताने श्वासनलिका धरायची आणि दुसऱ्याने कापायची, आणि आत काहीही दिसत नाही. काहीही म्हणजे काहीही. त्या अंधारात सात इंची पातं घेऊन गेलात तर ते सगळ्यात आधी तुमच्याच दुसऱ्या हाताला भेटणार.

म्हणून साडेतीन इंच, फार तर चार. तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवली की टोक कुठे आहे ते बोटाला कळलं पाहिजे. टोक ड्रॉप पॉइंट, म्हणजे पाठीकडून हळूच उतरत आलेलं, वर वळलेलं नाही. हाडं तोडायचीच नसतात या सुरीने, इथे २००२ पासून हरणांत तो मेंदूचा क्रॉनिक वेस्टिंगचा रोग सापडतोय, त्यामुळे रबरी हातमोजे घाला, कणा आणि मेंदू कापू नका असंच सांगतात. मग जाड, जड, कुऱ्हाडीची हौस भागवणारी सुरी कशाला?

आणि मूठ. स्टीलवर एवढा काथ्याकूट करणारी माणसं मुठीबद्दल दोन ओळीत आटपतात याचा मला राग आहे. चरबी लागली की पॉलिश केलेलं सुंदर लाकूड हातात राहत नाही, सांबरशिंगाची मूठ फोटोत राजेशाही दिसते आणि ओल्या हातमोज्यात गरगर फिरते. मी दुकानात परत गेलो, हातमोजा घातला, त्याला घरून नेलेलं तेल चोळलं आणि एकेक मूठ पिळून बघितली, पोरगा लांब जाऊन उभा राहिला. फुल टँगचं कौतुक फार, म्हणजे पात्याचं स्टील मुठीच्या शेवटापर्यंत सलग, दोन्ही बाजूंना पट्ट्या. मजबूत असते, पण मुठीच्या कडेने ते स्टील उघडं असतं आणि शून्याखालच्या थंडीत ते तळहाताला डसतं.

शेवटी म्हाताऱ्याकडे होती तीच घेतली, स्वीडनची मोरा, रबरी मूठ, प्लास्टिकचं म्यान, वीस डॉलरच्या आसपास. चामड्याचं म्यान दिसायला झकास पण रक्त पितं आणि ओलं राहतं, प्लास्टिकचं धुवायचं आणि उलटं टांगायचं. मूठ भडक केशरी, कारण सुरी पाचोळ्यात ठेवली आणि नजर वळवली की तपकिरी मुठीची सुरी जंगलाचीच होते. दुकानातल्या पोराचा चेहरा पडला.

हरणाचं म्हणाल तर ते सासरेबुवांना दुसऱ्या दिवशी मिळालं आणि काम बघता बघता झालं, वाफ निघत होती, वास तुम्हाला वाटतो तेवढा वाईट नसतो, आणि एवढा अभ्यास केलेली माझी सुरी निम्मा वेळ म्हाताऱ्याच्याच हातात होती कारण त्याची स्वतःची तो ट्रकमध्ये विसरला होता.

घरी आल्यावर आईला व्हिडिओवर दाखवली, धुतलेली. तिने विचारलं, ‘हेच्यान बांगडे साफ होतले काय?’ म्हटलं होतील की. आता म्यानात घालून, चेक-इन बॅगेत टाकून वेंगुर्ल्याला दोन न्यायच्या आहेत, कारण मावशीनेही ऐकलं. तिला लाल हवी.