पीएचडीनंतरची दोन वर्षं

काल रात्री एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. इतिहासात पीएचडी झाली आहे, घरचे लग्नाचं बघतायत, आणि ती विचारत होती, "मॅडम, पोस्ट-डॉकला अर्ज करू का?" पोस्ट-डॉक म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करण्यासाठी मिळणारी फेलोशिप. मी लगेच "कर" म्हटलं. पण सांगायचं बरंच राहून गेलं, ते इथे लिहिते.

माझं काम आपल्या नाशिकच्या रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांच्या नामावळ्यांवर आहे. श्राद्धाला किंवा अस्थी घेऊन माणसं येतात तेव्हा गुरुजी त्यांच्या गावाची, कुळाची वही काढतात. कोण आलं, कधी आलं, सोबत कोण होतं, सगळं त्यात लिहिलेलं. जुनी पानं मोडी लिपीत आहेत. कुठलं घर कधी गाव सोडून गेलं, बायकांची नावं कधीपासून नोंदवली जाऊ लागली, अशा प्रश्नांची उत्तरं त्या पानांमध्ये आहेत. पण वही म्हणजे त्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव, ती कुणी सहज हातात देत नाही. पहिले कित्येक महिने मी नुसती जाऊन बसत होते. या कामाला यंत्र लागत नाही, रसायनं लागत नाहीत. लागतो तो वेळ, आणि तेवढ्या वेळात घर चालेल एवढे पैसे.

काही वर्षांपूर्वी मी एका योजनेत अर्ज केला. अट अशी की यजमान संस्था, म्हणजे जिच्यात राहून संशोधन करायचं ती संस्था हवी, तिथे विषयाचं संशोधन केंद्र हवं आणि मार्गदर्शकाची संमती हवी. जवळ कुणी मिळालं नाही. शेवटी दोनशे किलोमीटरवरची संस्था तयार झाली, पण हजेरी तिथेच लावायची म्हणाली. वह्या पंचवटीत आणि मी तिकडे! अखेर अर्ज नामंजूर झाला. एका ओळीचा निरोप आला, कारण दिलेलं नव्हतं. प्रस्ताव कच्चा होता की मोडीचं महत्त्व तपासणाऱ्याला पटलं नाही, हे मला आजही माहीत नाही. कारण कळलं असतं तर मी तो सुधारून पुन्हा पाठवला असता.

आता थोडे आकडे. विज्ञान शाखांसाठीची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप महिन्याला 55,000 रुपयांची होती, वर संशोधनखर्चाला वर्षाला 2 लाख. सामाजिक शास्त्रांच्या परिषदेच्या ज्या जाहिराती मी तेव्हा जपून ठेवल्या, त्यांत पोस्ट-डॉकला महिना 31,000 होते. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप, मिळालेल्या मुलांना 2023 पासून, पीएचडी सुरू करतानाच, 37,000 मिळतात. त्या मुलांना ते मिळालेच पाहिजेत. पण पदवी हातात आल्यावर माणसाची किंमत कमी कशी होते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) डॉ. राधाकृष्णन पोस्ट-डॉक फेलोशिप पूर्वी मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांच्यासाठीच होती. विज्ञानासाठी डॉ. कोठारींच्या नावाची वेगळी होती. 2022 मध्ये राधाकृष्णन योजना नव्याने आली: 900 जागा, त्यातल्या 30 टक्के महिलांसाठी, महिना 50,000. रक्कम वाढली, महिलांचा वाटा ठरला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आता विज्ञान आणि अभियांत्रिकीही त्याच योजनेत आहेत. प्रयोगशाळेतल्या माणसाचे वर्षाला चार शोधनिबंध होतात, त्यावर पाच-सहा जणांची नावं असतात. मोडीच्या एका वहीवरचा मराठी लेख एकटीने लिहायला वर्ष जातं. दोन्ही एकाच तागडीत टाकायचे असतील तर कुठल्या शाखेला किती जागा गेल्या, हे दरवर्षी जाहीर झालंच पाहिजे. 2023 च्या कायद्याने आलेल्या, संशोधनाला पैसा देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी पाच वर्षांत 50,000 कोटींचं उद्दिष्ट आहे. त्यातही मानव्यविद्यांना जागा आहे ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे संबंध येतो तेवढीच.

आणि 2023 मध्येच काय झालं ते आठवा. कुणबी नोंदी शोधायची वेळ आली आणि सगळ्या महाराष्ट्रात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. माणसं पुरेनात. ती पुरणार कशी? मोडी नीट वाचता यायला वर्षं जातात, आणि त्या वर्षांचा पगार कुणी दिलेला नसतो.

माझी मागणी फार मोठी नाही. साधनं जिथे आहेत तिथे संशोधकाला बसू द्या. आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून उभं आहे. अशा संस्थेला यजमान होऊ द्या, मार्गदर्शक विद्यापीठातला असू द्या. पैसे संस्थेच्या खात्यात अडकवून न ठेवता दर महिन्याला संशोधकाच्या हाती द्या. मराठीतलं प्रकाशन मोजा, 2024 मध्ये भाषेला अभिजात दर्जा दिलाय ना? आणि नकार द्यायचा तर कारणासकट द्या.

त्या मुलीला आज पुन्हा फोन करणार आहे. अर्ज करच, पण आधी यजमान संस्थेकडून हजेरीचं लेखी घे, हे सांगायचंय.

मी सध्या तासिका तत्त्वावर शिकवते आणि सुट्टीत वह्या वाचते. गेल्या पावसात गोदावरीला पूर येऊन काठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं तेव्हा गुरुजींनी वह्या माडीवर नेल्या. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "ताई, दोन गठ्ठे ओलावलेत, पानं चिकटायला लागलीत. कधी येताय?" दिवाळीच्या सुट्टीत येते, असं मी म्हटलं.